पासष्ट नंबरच्या रस्त्यावरच्या मैत्रिणी

माझी मावसबहीण बर्मिंगहॅमला राहते. आमच्या मिल्टन कीन्सपासून सत्तर मैल, म्हणजे साधारण पुणे-सातारा. तरी भेट ठरवायची म्हटलं की आधी दोन आठवडे फोनाफोनी, मग हवामानाचा अंदाज, मग एम सिक्स महामार्गावर कुठे काम चाललंय याची चौकशी. ब्रिटनसारख्या छोट्या बेटावर वर्षानुवर्षं काढली की अंतराचा अंदाज आखूड होत जातो. माझाही झालाय. म्हणूनच शिकागोची मैत्रीण फोनवर सहज म्हणाली, "अगं, सेंट लुईसवाली येईल ना तुला भेटायला, चारच तास तर आहेत," तेव्हा मला पटकन काही बोलताच आलं नाही. चार-साडेचार तासांत आमच्याकडे माणूस स्कॉटलंडच्या सीमेपाशी पोचतो. दुपारच्या जेवणाला तिकडे कोणी जात नाही.

आम्ही सगळ्या कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजच्या. कॉलेज १९९१ साली सुरू झालं, आमची बॅच त्यानंतर थोड्याच वर्षांनी. पास झाल्यावर निम्म्या जणी अमेरिकेला गेल्या, मी लग्न करून इंग्लंडला आले आणि तिथलीच झाले. एरवी आमच्या भेटी पुण्यातच व्हायच्या, तेही कुणाच्या तरी लग्नकार्यात, दहा नातेवाईक आजूबाजूला असताना. या वेळी मी ठरवलं की विमानतळावर गाडी भाड्याने घ्यायची आणि प्रत्येकीकडे तिच्या घरी जायचं. ती भाजी कुठून आणते, सकाळी खिडकीतून तिला काय दिसतं, ऑफिसला जाताना कोणत्या वळणावर थांबते, हे मला बघायचं होतं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत हेच राहून गेलं होतं.

उजव्या बाजूने चालवणं जमतं का, हे सगळे विचारतात. पुण्यात डावी बाजू, इंग्लंडमध्ये डावी बाजू, त्यामुळे माझ्या हातापायांना दुसरं काही माहीतच नाही. पण खरं सांगायचं तर भर रहदारीत काहीच वाटत नाही. पुढची गाडी जिकडे जाते तिकडे आपण जातो. जपायचं ते पहाटे, रिकाम्या रस्त्यावर, डावीकडे वळताना. तिथे वाट दाखवायला कुणी नसतं आणि शरीर आपल्या जुन्या सवयीवर जातं. मी अशा वेळी मोठ्याने बोलायचे, "पिवळी रेघ माझ्या डाव्या हाताला." अमेरिकेत समोरून येणारी आणि आपली वाहतूक वेगळी करणारी रेघ पिवळी असते, एकाच दिशेच्या लेनमधल्या रेघा पांढऱ्या. ब्रिटनमध्ये मधली रेघ पांढरी, आणि पिवळी रेघ कडेला, गाडी उभी करू नका असं सांगायला. रंगांची ही अदलाबदल एकदा डोक्यात बसली की निम्मं काम होतं. गाड्या सगळ्या ऑटोमॅटिक, त्यामुळे गिअर कोणत्या हाताने टाकायचा हा प्रश्नच नाही.

सिग्नल चौकाच्या पलीकडच्या बाजूला, डोक्यावर टांगलेले असतात. लाल गेला की थेट हिरवा. आमच्याकडे मध्ये लाल-पिवळा एकत्र लागतो आणि तेवढ्यात माणूस तयार होतो, ती उसंत इथे नाही. लाल असतानाही थांबून, बघून उजवीकडे वळायला बहुतेक ठिकाणी परवानगी आहे. मागचा हॉर्न वाजवून आठवण करून देतो. मला मनापासून आवडला तो मात्र चार बाजूंनी 'स्टॉप'च्या पाट्या लावलेला चौक. सिग्नल नाही, पोलीस नाही. जो आधी येऊन थांबला तो आधी जाणार, दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. माणसं एकमेकांकडे बघतात, हात करतात, आणि पुढे जातात. शिकागोच्या पश्चिमेला मैत्रिणीच्या वसाहतीत शिरताना असे तीन-चार चौक लागतात. अनोळखी माणसांशी दिवसभरात माझा जो काही संवाद झाला, त्यातला बराचसा या चौकांत काचेतून झाला.

आणि शाळेची बस. तिचा तो ठरावीक पिवळा रंग १९३९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये भरलेल्या परिषदेत ठरला, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडातही त्यावरची काळी अक्षरं दिसावीत म्हणून. बस थांबली की तिच्या कुशीतून 'स्टॉप'ची लाल पाटी बाहेर येते आणि मध्ये दुभाजक नसेल तर दोन्ही बाजूंची वाहतूक थांबते. मी थांबले तेव्हा समोर एक भला मोठा ट्रक होता, त्याच्या मागे पाच-सहा गाड्या. बसमधून एक चिमुरडी उतरली. पाठीवरचं दप्तर गुडघ्यापर्यंत आलेलं, एका हातात रंगवलेला कागद. कागद वाऱ्याने दुमडला तशी ती रस्त्याच्या मधोमध थांबली, तो नीट केला, आणि मग पलीकडे गेली. कुणी हॉर्न वाजवला नाही. ट्रकवाला हाताची घडी घालून बसला होता. त्या क्षणी मला त्या देशाबद्दल फार प्रेम वाटलं.

आणि त्याच देशात रस्त्यांवर वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास माणसं मरतात. ब्रिटनमध्ये हा आकडा सतराशेच्या घरात असतो. अमेरिकेची लोकसंख्या आमच्या पाचपट आहे, हे धरूनही फरक भयंकर आहे. गाड्या मोठ्या, अंतरं मोठी, वेग जास्त, आणि पायी चालणाऱ्याचा विचार रस्ता आखताना शेवटी केलेला. पायी चालणाऱ्याचं काय होतं, ते मला मैत्रिणीच्या आईकडे बघून कळलं.

काकूंना मी कॉलेजपासून ओळखते. शनिवार पेठेतलं त्यांचं घर म्हणजे आमचा अड्डा होता. काकू कधी घरात बसलेल्या आठवत नाहीत. सकाळी मंडई, दुपारी भिशी, संध्याकाळी ओंकारेश्वर, मध्येच पीएमटीच्या बसने कोथरूडला बहिणीकडे. काका गेल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं. घर उत्तम आहे. त्यांना स्वतंत्र खोली, मागे हिरवळ, टीव्हीवर मराठी वाहिन्या, फ्रीजमध्ये सगळं. पण वसाहतीच्या तोंडाशी पदपथ संपतो. पुढे सहापदरी रस्ता, त्यावर पंचेचाळीस मैलांच्या वेगाने जाणाऱ्या गाड्या, आणि पलीकडे एक मैलावर दुकानं. मैलभर म्हणजे काकूंच्या लेखी काहीच नाही. त्या शनिवार पेठेतून सारसबागेला चालत जायच्या. पण त्या रस्त्याच्या कडेने चालायला जागाच नाही, आणि ओलांडायला सिग्नल आहे तो अर्ध्या मैलावर. मुलगी, जावई दोघं नोकरीला. नातू शाळेत. काकू सोमवार ते शुक्रवार वसाहतीतल्या गोल रस्त्यावर फेऱ्या मारतात आणि शनिवारची वाट बघतात.

मैत्रिणीचं काही चुकतंय असं मी मुळीच म्हणत नाही. ती संध्याकाळी सहाला थकून येते आणि तरी "आई, चल, कुठे जायचं?" विचारते. पण ज्या बाईने आयुष्यभर कुणाला न विचारता उंबरा ओलांडला, तिला दर वेळी कुणाची तरी सोय बघून बाहेर पडावं लागतं, याचं दुःख मला काकूंच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्यांनी तक्रारीचा एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाल्या, "अगं, इथे गाडी येत नसली की माणूस पुन्हा लहान होतो."

मी म्हटलं, "काकू, उद्या दोघी बाहेर पडू. तुम्ही सांगाल तिथे. अरोराला बालाजीचं देऊळ आहे म्हणतात."

"देऊळ बघितलंय गं चार वेळा. मला रस्ता दाखव. दुकानांचा, माणसांचा रस्ता. जिथे पायी चालतात."

म्हणून आम्ही डेव्हन अॅव्हेन्यूला गेलो. शिकागो शहराच्या उत्तर भागातला हा रस्ता. त्याच्या एका तुकड्याला गांधी मार्ग असंही म्हणतात. भारतीय किराण्याच्या पटेल ब्रदर्स या साखळीचं पहिलं दुकान १९७४ साली इथेच उघडलं. तिथे चालायला मिळावं म्हणून आम्ही तासभर गाडी चालवली, हे मला जाताना फार विचित्र वाटत होतं. काकूंना अजिबात नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून त्या प्रत्येक पाटी मोठ्याने वाचत होत्या. गाडी लावली आणि उतरल्या त्या थेट चालायला लागल्या. साड्यांची दुकानं, हैदराबादी बिर्याणी, सोनार, फोनची कार्डं, पानवाला. एका दुकानाबाहेर खोक्यात मेथीच्या जुड्या होत्या. काकूंनी एक उचलली, देठ मोडून बघितला, परत ठेवली, दुसरी उचलली, आणि दुकानदाराला हिंदीत म्हणाल्या, "कल की है ना ये?" तो गुजराती गृहस्थ हसला आणि आतून ताजी घेऊन आला. एवढंच झालं. पण काकूंची मान ताठ झाली होती. पुढचे दोन तास मी त्यांच्या मागे चालत होते, त्या पुढे.

शिकागोहून इंडियाना राज्यातल्या मैत्रिणींकडे जायचं तर पासष्ट नंबरचा महामार्ग धरायचा. या रस्त्यांचे आकडे समजून घेतले की फार मजा येते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या मुख्य रस्त्यांना विषम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना सम. विषम आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात: पॅसिफिकच्या किनाऱ्याला ५, अटलांटिकच्या बाजूला ९५. सम आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे: खाली १०, वर ९०. म्हणजे ६५ म्हटलं की देशाच्या मध्यापासून थोडा पूर्वेला, शिकागोजवळच्या गॅरी शहरापासून अलाबामातल्या मोबीलपर्यंत गेलेला. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरनी १९५६ च्या जून महिन्यात महामार्गांच्या कायद्यावर सही केली आणि हे जाळं उभं राहायला लागलं. आमच्या मिल्टन कीन्सच्या कडेने जाणाऱ्या एम वनचा पहिला टप्पा १९५९ सालचा. एकाच दशकातले रस्ते, पण एकाने बेटाचा एक तुकडा शिवला आणि दुसऱ्याने अख्खा खंड. आमचा एम वन मला नेहमी कुठेतरी पोचवतो. पासष्ट नंबरचा रस्ता बराच वेळ नुसता चालूच राहतो.

गॅरीच्या पोलाद कारखान्यांचा पट्टा मागे पडला की सपाट जमीन सुरू होते आणि संपता संपत नाही. मका, सोयाबीन, मका. सप्टेंबर होता, मक्याची पानं पिवळी पडून कडेने कागदासारखी झाली होती. मग अचानक दोन्ही बाजूंना पवनचक्क्या. जास्पर काउंटी संपून व्हाइट काउंटी लागली की घड्याळ एक तास पुढे जातं, कारण इंडियानाचा वायव्य कोपरा शिकागोच्या वेळेने चालतो आणि उरलेला बहुतेक भाग न्यूयॉर्कच्या. शेतात काहीच बदलत नाही. फोनवरचे साडेअकरा एकदम साडेबारा होतात.

पेट्रोल भरायला थांबले तेव्हा पंपावरच्या यंत्राने कार्ड घेतलं आणि अमेरिकन पिनकोड मागितला. तो माझ्याकडे कुठला असणार. परदेशी माणसाने आत जाऊन काउंटरवर आधी पैसे द्यायचे, हे आता मला पाठ आहे. काउंटरवरच्या बाईंनी माझं बोलणं ऐकून विचारलं, कुठून आलात? इंग्लंडहून म्हटलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला नाही. उलट म्हणाल्या, लांबून आलात, कॉफी माझ्याकडून. अशी माणसं मला त्या रस्त्यावर बरीच भेटली. गॅलनचा हिशेब मात्र वेगळा ठेवावा लागतो. अमेरिकन गॅलन पावणेचार लिटरचा, ब्रिटिश साडेचारचा. मैल तेवढेच असले तरी दोन्हीकडचं मायलेज सरळ ताडून बघता येत नाही.

इंडियानापोलिसच्या उत्तरेला कार्मेल आहे, तिथे दुसरी मैत्रीण आणि तिचा नवरा. आणि इथे मला घरी आल्यासारखं वाटलं, कारण कार्मेलमध्ये दीडशेहून जास्त गोल चौक आहेत, राउंडअबाउट. मिल्टन कीन्सचा माणूस आयुष्याचा मोठा भाग गोल चौकात फिरत घालवतो. अमेरिकेत बाकी ठिकाणी ते क्वचित दिसतात आणि लोक त्यांना बिचकतात. कार्मेलचे जिम ब्रेनर्ड विद्यार्थी म्हणून ब्रिटनमध्ये होते, तिथे त्यांनी हे चौक बघितले. पुढे १९९६ पासून २०२३ च्या अखेरपर्यंत ते कार्मेलचे महापौर होते. लोकांनी आधी विरोध केला, तरी त्यांनी एकामागून एक सिग्नल काढले आणि गोल चौक बांधले.

यामागची गोष्ट आमच्या बेटावरची आहे आणि ती सांगायला मला अभिमान वाटतो. गोल चौक जुनेच, पण आत शिरणारा आणि आत फिरणारा यांच्यात आधी कोण, याचा घोळ असायचा आणि गर्दीच्या वेळी सगळं ठप्प व्हायचं. १९६६ साली ब्रिटनने नियम केला: आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, बाहेरच्याने थांबायचं. फ्रँक ब्लॅकमोर या रस्तेतज्ज्ञाने हा विचार पुढे नेला आणि १९७२ साली स्विंडनला एका मोठ्या चौकाभोवती पाच छोटे गोल चौक बसवून दाखवले. गोल चौकात समोरासमोर किंवा काटकोनात धडक बसायची शक्यता जवळजवळ उरत नाही, आणि वेग आपोआप उतरतो. म्हणून अपघात झाला तरी माणूस सहसा वाचतो. सिग्नलला वीज लागते, इथे थोडी सभ्यता पुरते.

फरक एवढाच की आमच्याकडे घड्याळाच्या दिशेने फिरायचं, इथे उलट. नजर उजवीकडे ऐवजी डावीकडे ठेवायची. मैत्रिणीचा नवरा काळजीने शेजारी बसला होता, पण तिसऱ्या चौकानंतर तो निवांत झाला आणि मीही. संध्याकाळी मैत्रीण आणि मी मोनन ट्रेलवर चालायला गेलो. एकेकाळी इथून मोनन रेल्वे जायची. रूळ गेले आणि त्या जागी चालण्याचा, सायकलचा लांबच लांब रस्ता झाला. म्हातारी जोडपी, कुत्रे, बाबागाड्या, पळणारी मुलं. शिकागोच्या उपनगरातून आल्यावर मला ते बघून भरून आलं. म्हणजे हे जमतं. ठरवलं तर त्याच देशात, त्याच गाड्या असताना जमतं. काकूंना इथे आणून सोडलं असतं तर त्यांनी आठवड्यात पाच मैत्रिणी केल्या असत्या.

पण एवढं सगळं रस्त्यांचं कौतुक करताना इंडियानापोलिसच्या मधून गेलेला ६५ आणि ७० चा भाग विसरता येत नाही. हे रस्ते शहराच्या पोटातून नेताना हजारो लोकांची घरं पाडली गेली, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या मोठ्या होत्या. आज तिथून पन्नासच्या वेगाने जाताना खाली काय होतं याचा पत्ताही लागत नाही. मैत्रिणीच्या नवऱ्याने बोट दाखवलं नसतं तर मलाही लागला नसता.

कोलंबस तिथून दक्षिणेला साधारण तासाभरावर. ओहायोमधलं मोठं कोलंबस नव्हे, इंडियानामधलं छोटं गाव. इंजिनं बनवणारी कमिन्स कंपनी याच गावची. १९१९ साली ती सुरू करणारे क्लेसी कमिन्स गावातल्या आयर्विन या बँकवाल्या कुटुंबाचे ड्रायव्हर होते. मालकांनीच त्यांच्या इंजिनाच्या प्रयोगांना भांडवल दिलं. १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स झाली, कोथरूडला कारखाना आला, आणि पुढे आमच्या कॉलेजच्या पाटीवर ते नाव आलं. चार वर्षं आम्ही रोज त्या पाटीखालून गेलो. ते नाव दुसऱ्याची गाडी हाकणाऱ्या, तेलकट हातांच्या एका माणसाचं आहे, हे मला तिथे उभं राहिल्यावर आतपर्यंत पोचलं. पुणे आणि कोलंबस यांच्यामध्ये इंजिनिअरांची ये-जा कितीतरी वर्षं चालू आहे, त्यामुळे त्या छोट्या गावात थालीपीठाची भाजणी कुणाकडे मिळेल हे विचारलं तर तीन घरांची नावं मिळतात.

तिसरी मैत्रीण इथे नोकरीला. तिने मला घरी न नेता आधी गावाच्या मध्यावर नेलं. एका बाजूला वास्तुरचनाकार एलिएल सारिनेन यांनी आखलेलं १९४२ सालचं चर्च, साधं, चौकोनी, बाजूला उंच मनोरा. समोर आय. एम. पेई यांनी बांधलेलं १९६९ सालचं ग्रंथालय. मधल्या फरसबंद जागेत शिल्पकार हेन्री मूर यांची 'लार्ज आर्च', हिरवट पडलेली ब्राँझची कमान, वीस फुटांच्या आसपास उंच. मूर आमचे, यॉर्कशायरचे. त्यांचा स्टुडिओ माझ्या घरापासून तासा-दीड तासावर आहे. इतक्या लहान गावात हे सगळं कसं, तर कंपनीचे प्रमुख जे. आयर्विन मिलर यांच्यामुळे. चांगला वास्तुरचनाकार निवडा, त्याची फी कमिन्स फाउंडेशन देईल, अशी त्यांनी गावाला तयारी दाखवली. त्यातून शाळा झाल्या, अग्निशमन केंद्रं झाली. मला ही कल्पना फार थोर वाटते. मुलांची शाळा देखणी असावी म्हणून पैसा खर्च करणारा कारखानदार मी तरी फार पाहिले नाहीत.

मैत्रीण त्या कमानीखाली उभी राहून म्हणाली, "आले तेव्हा पहिली दोन वर्षं गाडी येत नव्हती मला. तेव्हा घरापासून इथपर्यंत चालत यायचे. ग्रंथालयात बसायचे, या कमानीखालून परत जायचे. हे नसतं ना, तर मी पुण्याला परत आले असते गं." तिने हे मला फोनवर कधीच सांगितलं नव्हतं. फोनवर आम्ही मुलांच्या परीक्षा आणि सासूबाईंची पथ्यं बोलत राहिलो.

सेंट लुईसवाली रविवारी आली. सकाळी सहाला निघाली होती, सत्तर नंबरच्या रस्त्याने. दारात उभी राहिली तेव्हा एका हातात शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, दुसऱ्यात कडक भाकऱ्यांचं पुडकं, सोलापूरची ना ती. आम्ही जेवलो, हसलो, एकमेकींचे केस बघितले, कॉलेजच्या सरांच्या नकला केल्या. पाच वाजता ती उठली. मी म्हटलं, राहा आज. म्हणाली, "सकाळी सातला लेकीला पोहायला सोडायचंय."

"एवढं परत जायचं एकटीने? कंटाळत नाहीस?"

"छे. माझी वेळ असते ती. वाटेतल्या एफिंगहॅम गावचा तो उंच क्रॉस मागे पडला ना, की सोलापुरात पाच-सव्वापाच झालेले असतात. आई उठून चहा टाकते. मग मी घरी पोचेपर्यंत आम्ही दोघी बोलतो. घरात कुठे गं निवांतपणा मिळतो?"

मी गाडीपर्यंत गेले. पुढच्या सीटवर पाण्याची बाटली, चार्जर, लेकीचा पोहण्याचा चष्मा, एक ओढणी. अमेरिकेतल्या माझ्या मैत्रिणींच्या आयुष्याचा केवढा तरी भाग या सीटवर जातो, आणि मी तो आजवर प्रवासातला वाया गेलेला वेळ समजत होते. पूर्वी आमच्या मराठी मंडळात अमेरिकेतल्या गणपतीला लोक पाच-पाच तास गाडी चालवून जातात असं ऐकलं की मला ती हौस वाटायची. शिकागोचं महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचं. तेव्हाही माणसं अशीच लांबलांबून आली असणार, नकाशे उघडून, डबे बांधून. रस्त्यांनी या माणसांना विखरून टाकलंय, आणि तीच माणसं त्याच रस्त्यांवर पेट्रोल जाळून एकमेकांना धरून ठेवताहेत. जी चालवू शकते ती धरून ठेवते. जी नाही, ती खिडकीत बसते. मला हा भेद मान्य करवत नाही.

म्हणून परत शिकागोला आल्यावर मी मैत्रिणीजवळ विषय काढला. ती आधी गप्प बसली, मग लॅपटॉप उघडला. उपनगरांतून पेस नावाची बससेवा आहे आणि काही भागांत तिची छोटी बस आधी सांगून बोलावता येते, ठरलेल्या पट्ट्यात कुठूनही कुठेही. त्यांची वसाहत त्या पट्ट्यात येत होती. "आईला जमेल का?" ती म्हणाली. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "पीएमटी जमली मला पन्नास वर्षं."

दुसऱ्या दिवशी काकू आणि मी त्या बसने ग्रंथालयात गेलो. मी गाडी दारात लावून ठेवली होती, मुद्दाम. चढताना काकूंनी चालकाला नमस्कार केला, त्याने टोपीला हात लावला. बसमध्ये आणखी एक आजीबाई होत्या, मेक्सिकोच्या असाव्यात, मांडीवर लोकरीची पिशवी. पाच मिनिटांत काकूंनी त्यांची सुई कितव्या नंबरची ते बोटांच्या खुणांनी विचारून घेतलं. ग्रंथालयात मराठी पुस्तकं नव्हती. काकूंनी काउंटरवर जाऊन, एकेक शब्द तोलत, मागवता येतील का ते विचारलं. तिथल्या मुलीने चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि मंगळवारी विणकामाचा गट जमतो असंही सांगितलं.

रात्री जेवताना काकूंनी जाहीर केलं, "मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाणार. पोळ्या करून झाकून ठेवीन, तुम्ही आपापलं वाढून घ्या."

जावई म्हणाले, "आई, मी सोडत जाईन ना, ऑफिसला जाता जाता."

"नको. तुम्ही नका सोडू." मग लेकीकडे वळून म्हणाल्या, "त्या बसचा नंबर मला मोठ्या आकड्यांत लिहून दे. आणि परत यायचं असेल तेव्हा काय बोलायचं ते इंग्रजीत, दोनच वाक्यांत. तीन नकोत, मला घाई असते."